बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

ख्रिस्ती श्रद्धेत देवाशी असलेले नाते कोणाला वारशाने मिळत नाही. बाप्तिस्मा मंडळी देते, शास्त्र आई-वडील शिकवतात, उपदेश पाळक करतात. पण पापाची कबुली ज्याची त्यानेच द्यायची असते आणि क्षमा मिळाल्याची खात्रीही ज्याची त्यालाच पटावी लागते. धर्म स्वीकारणे आणि देवाला ओळखणे यांत किती अंतर असू शकते, हे महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसते. दौंड तालुक्यातल्या केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभारले. तिथल्या कामाचे मूळ या अंतराच्या जाणिवेत आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, आणि आईने रमाबाईंना. पुराणे सांगत कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडले. व्रते, दाने, अनुष्ठाने सगळे यथासांग केले, तरी दुष्काळाने आई-वडिलांचा बळी घेतला. पुढे कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, लग्न झाले आणि १८८२ साली वैधव्य आले. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या जोगिणींच्या मठात राहिल्या. लंडनच्या फुलहॅम भागात या जोगिणी समाजाने टाकलेल्या स्त्रियांना आसरा देत असत. जोगिणींना या स्त्रियांची एवढी माया का, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. अशा स्त्रीशी विहिरीच्या काठावर बोलत बसणारा ख्रिस्त त्यांच्या मनाला भिडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि त्यांची लहानगी मुलगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी आपली बुद्धी गहाण ठेवली नाही. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे देवत्व, धर्मगुरूंचा अधिकार या प्रश्नांवर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. एका पुरोहितवर्गाच्या आज्ञेतून सुटून दुसऱ्याच्या आज्ञेत शिरायचे नाही, देवाचे वचन स्वतः वाचून विवेकाला पटेल तेच मानायचे, ही त्यांची भूमिका होती. गळ्यातल्या क्रुसावरची अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृत असावीत, हा आग्रहही त्यातलाच. मठातल्या मंडळींना हा अहंकार वाटला. वास्तविक थेट नात्याची पहिली अट हीच आहे: देवापुढे माणसाने स्वतः उभे राहावे, कोणाच्या आडून नव्हे.

मात्र विवेकाचे स्वातंत्र्य म्हणजे देवाची ओळख नव्हे, हे रमाबाईंना आणखी काही वर्षांनी उमगले. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. काम जोरात होते, नाव सर्वत्र झाले होते, पण मनाला समाधान नव्हते. १८९१ च्या सुमारास त्यांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मकथन वाचले. हॅस्लम कित्येक वर्षे उपदेश करत होते आणि मग एके दिवशी स्वतःच्याच उपदेशाने त्यांचे मन पालटले. रमाबाईंनी ते स्वतःला लावून पाहिले. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलेला नाही, असे त्यांनी पुढे १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत निःसंकोच नोंदवले. लहानपणी पुण्य साठवून देवाला प्रसन्न करायचे, ही शिकवण होती. बाप्तिस्म्यानंतरही सत्कर्मांनी योग्यता मिळवायची धडपड चालूच होती. आता क्षमा ही मिळकत नसून देणगी आहे, हे त्यांनी मानले आणि ती देणगी घेतली.

यानंतर त्यांच्या प्रार्थनेचे स्वरूप बदलले. लेकराने बापाकडे मागावे तशी ती झाली आणि मागितलेल्यावर पाऊल टाकण्याची हिंमतही आली. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन परतल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर वस्ती उभी राहिली. १९०० च्या सुमारास तिथल्या रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. १९०५ मध्ये रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी मुलींना बोलावले. सुरुवातीला सत्तरेक जणी आल्या, काही महिन्यांत त्या साडेपाचशेवर गेल्या. मग रडणे, पापांची कबुली, मोठ्याने प्रार्थना यांनी मुक्ती ढवळून निघाली. या गोंगाटावर टीका झाली. देशी माणसांनी देशी रीतीने देवाला हाक मारावी, असे रमाबाईंचे मत होते.

हाक स्वतःच्या भाषेत हवी, तसे वचनही. म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल उतरवले. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे मुक्तीतल्या स्त्रियांनीच केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. रमाबाईंच्याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी दुसरी वाट दाखवली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो असे मानत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होतो. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली.

स्वतःच्या अनुभवावर उभ्या राहिलेल्या श्रद्धेला आत्मवंचनेचा धोका असतोच. मनात आलेली प्रत्येक ऊर्मी देवाची आज्ञा नसते. त्यासाठी ख्रिस्ती परंपरेत तीन कसोट्या आहेत. अनुभव शास्त्रवचनाशी जुळतो का, मंडळीतल्या जाणत्यांपुढे तो टिकतो का, आणि त्यातून शेजाऱ्यावर प्रेम उपजते का? तिसरी सर्वांत कठीण. रमाबाईंच्या बाबतीत तिचे उत्तर केडगावच्या धान्याच्या कोठारात, शाळेत, दवाखान्यात आणि आंधळ्या स्त्रियांच्या वर्गात मिळते.

अशा नात्याची रोजची साधने साधी आहेत: थोडे वाचन, त्यावर मनन, आपल्या शब्दांत प्रार्थना, चुकीची कबुली आणि समजले तेवढे आचरण. ती पाळकावर किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांवर सोपवता येत नाहीत. शिवाय बाप्तिस्मा होऊन बरीच वर्षे लोटली, तरी त्यांना सुरुवात करायला उशीर झालेला नसतो. रमाबाईंना आठ वर्षे लागली, आणि त्यांच्या हातून घडलेले सर्वांत मोठे काम त्यानंतरचे आहे.