नातलग परदेशी, भरवसा कोणाचा?

केंद्र सरकारच्या नोकरीत शिरताना पूर्वेतिहासाच्या पडताळणीचा जो छापील नमुना भरावा लागतो, त्याच्या माथ्यावरच बजावलेले असते की खोटी माहिती देणे किंवा खरी दडविणे ही अपात्रता समजली जाईल. पुढे आईबाप, पत्नी, भावंडे यांचे राष्ट्रीयत्व विचारतात. मुले परदेशी शिकत वा राहत असल्यास त्यांच्यासाठी निराळा रकाना आहे. झाशीच्या प्रेमनगरात आम्हां मराठी नोकरदारांत परवा यावरून बराच खल झाला. एकाचे बंधू कॅनडाचे नागरिक झालेले. "हे लिहिले तर गोपनीय शाखेत आपणांस कोण घेईल? न लिहिले तर कळणार कोणाला?" असा त्यांचा रोकडा सवाल.

कायद्याची भूमिका पुष्कळशी स्पष्ट आहे. परक्या देशाचे नागरिकत्व स्वखुशीने घेणारा भारताचा नागरिक राहत नाही, हे घटनेच्या नवव्या कलमाचे सूत्र १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानेही कायम ठेवले. 'परदेशस्थ भारतीय नागरिक' या कार्डात नाव नागरिकाचे असले, तरी सरकारी नोकरीतील समान संधीचा हक्क नाही. उलट सोळावे कलम कुळावरून वा जन्मस्थानावरून नोकरीत भेद करू देत नाही. म्हणजे माणसाने जे पत्करले त्याचा जाब राज्य विचारते. जे जन्माने पदरी आले त्याचा नाही. विवाह पत्करलेला, म्हणून परदेशी व्यक्तीशी विवाह केल्यास सरकारास तत्काळ कळवावे, असे १९६४ च्या वर्तणूक नियमांत आहे. कळवावे, एवढेच!

कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजातील हजारो माणसे १९४८ नंतर इस्राएलला गेली. त्या देशाशी आपले पूर्ण राजनैतिक संबंध जुळले ते १९९२ मध्ये. तरीही याच समाजाचे बेंजामिन अब्राहम सॅमसन आपल्या नौदलात व्हाइस ॲडमिरल झाले, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुखही होते. समाजाची पांगापांग ही काही त्यांच्या निष्ठेची मोजपट्टी ठरली नाही.

राज्याची भीती मात्र अगदीच पोकळ नव्हे. भाऊ परक्या राज्याच्या मुठीत असेल, तर त्याच्याकरवी इकडच्या माणसास पिळता येते. परंतु नमुन्यात लिहिलेल्या नात्यापेक्षा दडविलेले नातेच पिळणाऱ्यास अधिक उपयोगी पडते, कारण उघड करण्याची धमकी त्यातच देता येते. म्हणून लिहावे, असे आमचे मत आहे. मात्र खरे लिहिणाऱ्यास वरिष्ठ गुपचूप बाजूला सारू लागले, तर पुढचा उमेदवार काय शिकेल? विशिष्ट जागा नाकारावी, कारण लेखी द्यावे. इतर बढतीवर त्याचा डाग पडू नये.

खरी अडचण गोव्याची. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलांना पोर्तुगाल आपले नागरिक म्हणून नोंदवून घेतो. युरोपात काम मिळावे म्हणून अनेकांनी जन्माची नोंद लिस्बनला करविली. पारपत्र घेतले की प्रश्न मिटला. पण नुसत्या नोंदीने भारतीयत्व जाते काय, यावर तिकडे वर्षानुवर्षे वाद झाला आहे. त्यात ती नोंद बापाने पोर अज्ञान असताना केलेली असेल, तर ते पत्करणे कोणाचे? तोच मुलगा विशीत येऊन सरकारी नोकरीचा नमुना भरावयास बसला, तर त्याचे उत्तर एका शब्दाच्या रकान्यात मावणारे नाही. निराळा कागद जोडून त्याने सारी हकिकत लिहावी, आणि घेणाऱ्या अधिकाऱ्याने तो कागद शेवटपर्यंत वाचावा.