आधी दारी जावे, मग कीर्तनी उभे राहावे

॥ रामकृष्णहरि ॥

सज्जनहो, 'क्षम्' धातूचा अर्थ सहन करणे, असे आम्ही पाठशाळेत घोकले. परंतु नुसते सोसल्याने मन निवळते असे नाही. सोसलेले पुष्कळदा आत साचून राहते. क्षमा म्हणजे काय ते श्रीतुकोबारायांनी करून दाखविले.

महीपतिबुवांनी भक्तलीलामृतात प्रसंग वर्णिला आहे. देहूस मंबाजीने तुकोबांना काटेरी फांद्यांनी झोडपले. तो एकादशीचा दिवस. रात्री कीर्तनास नित्य येणारा मंबाजी दिसेना. तेव्हा तुकोबा स्वतः त्याच्या घरी गेले, मारून मारून दुखलेले त्याचे अंग चेपले आणि त्याला कीर्तनाला घेऊन आले. मार खाल्लेला चालत गेला, हे ध्यानात घ्या!

असेच आम्ही लोअर परळला पाहिले. तेथल्या एका चाळीच्या भजनी मंडळात दोघे गिरणी कामगार जिवलग. एक गाई, दुसरा पखवाज वाजवी. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिने लोटले, तशी घरची चूल पेटेना म्हणून पखवाज्या कामावर गेला. गाणाऱ्याने भर जिन्यात त्याला 'फितूर' म्हटले. त्या दिवसापासून बोलणे खुंटले. पुढे गिरणी बंद पडली, दोघांचीही नोकरी गेली. अबोला तेवढा शाबूत राहिला. दोघांनाही वाटे, मार आपणच खाल्ला. तुकोबा व्हायला मात्र कोणी उठेना.

दहा-बारा वर्षांनी तेथे सप्ताहात आमची सेवा होती. मंबाजीचे आख्यान चालले असता गाणाऱ्याने टाळ खाली ठेवले आणि तो निघून गेला. आम्हांस वाटले, रागावला. थोड्या वेळाने तो परतला, तो मित्राचा हात धरूनच. म्हणाला, "महाराज, पखवाजाला कणीक लावा. वाजवणारा आलाय." मग दोघे एकमेकांच्या पाया पडले. तो गजर अजून कानी आहे!

संप बरोबर की चूक, याचा निवाडा तेथे झाला नाही. अन्यायाला न्याय म्हणणे ही क्षमा नव्हेच. पण माणूस परत पंगतीत आला. उद्धार याहून वेगळा काय असतो?

तेव्हा बाबांनो, पंढरीची वाट धरण्यापूर्वी एका दाराची वाट धरा. ते दार तुमचे तुम्हाला ठाऊक आहे.

॥ रामकृष्णहरि ॥