वर्ध्याचे खानखोजे, चापिंगोचे प्राध्यापक

वर्धा म्हटले की सेवाग्राम आणि पवनार आठवतात, आणि ते रास्तच आहे. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्यात आले, १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले, आणि पुढची काही वर्षे देशाच्या राजकारणाचा रस्ता याच गावावरून जात होता. पण त्याच्या जवळपास तीस वर्षे आधी वर्ध्यात जन्मलेला एक तरुण देशाबाहेर पडला होता. तो पुढे मेक्सिकोत शेतकी शास्त्राचा प्राध्यापक झाला. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्याचे नाव.

त्यांचे आयुष्य आपण बहुधा दोन तुकड्यांत सांगतो. पहिल्या तुकड्यात टिळकांच्या सल्ल्याने जपान, मग अमेरिका, गदर पक्ष, इराण-बलुचिस्तानच्या सीमेवर इंग्रजांशी लढाई, जखमा, कैद आणि सुटका. दुसऱ्यात मका, गहू आणि प्रयोगशेती. व्याख्यानात पहिला तुकडा तासभर रंगतो आणि दुसरा पाच मिनिटांत आटोपतो. ही वाटणी मला मान्य नाही. खानखोजे यांची शेती हेच त्यांचे सर्वांत पक्व राजकारण होते.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या काळी परतंत्र देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांची आणि मजुरांची दाटी होती. १९१३ मध्ये गदर चळवळ उभी राहिली आणि तिचे वर्तमानपत्र सॅन फ्रान्सिस्कोतून निघू लागले. त्याच वर्षी, त्याच शहरात आन चांग-हो या कोरियन नेत्याने आपल्या देशबांधवांसाठी तरुणांची संघटना स्थापली. कोरिया १९१० मध्ये जपानने गिळंकृत केला होता. त्याच वर्षी सिंगमन री या कोरियन तरुणाने प्रिन्स्टनमधून डॉक्टरेट घेतली होती, आणि त्याच्या प्रबंधाचा विषय होता आंतरराष्ट्रीय कायद्यातली तटस्थता. इकडे खानखोजे यांचे मित्र तारकनाथ दास राज्यशास्त्राकडे वळले आणि पुढे अमेरिकेतच शिकवू लागले. गुलाम देशातून आलेल्या मुलाने परदेशात कोणता विषय घ्यायचा, हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. राज्य कसे चालते हे ज्याला कळून घ्यायचे होते, तो राज्यशास्त्र आणि कायद्याकडे गेला. खानखोजे यांनी सॅन राफेलच्या लष्करी अकादमीत कवायत शिकली, आणि ओरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांतल्या महाविद्यालयांत शेती. मला ही जोडी फार अर्थपूर्ण वाटते. राज्य उलथायचे ते ज्याच्यासाठी, त्या माणसाच्या ताटात काय पडणार, हा प्रश्न त्यांनी बंदूक हाती असतानाही बाजूला ठेवला नव्हता.

महायुद्ध संपले, गदर पक्षाचा उठावाचा बेत फसला. त्यांचे सोबती विष्णू गणेश पिंगळे १९१५ मध्येच लाहोरला फासावर गेले होते. मायदेशाचे दार बंद. बर्लिन झाले, मॉस्को झाले, आणि १९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत उतरले. तिथे नुकतीच क्रांती होऊन गेली होती, तीही जमिनीच्या प्रश्नावर. राष्ट्रीय शेतकी विद्यालय तेव्हाच चापिंगोच्या जुन्या जमीनदारी वाड्यात आले होते. शोषण माणसाचे नव्हे, जमिनीच्या शक्तीचा वापर शिकवायचा, अशा आशयाचे त्याचे ब्रीद होते. कूळ आणि मालगुजार ही नाती लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला ते उमगायला कितीसा वेळ लागणार?

या विद्यालयात प्राध्यापक म्हणून त्यांनी मक्यावर, गव्हावर, कडधान्यांवर काम केले. मक्याचा रानटी पूर्वज असलेले टिओसिंटे हे गवत आणि लागवडीचा मका यांचा संकर करून पाहिला. थंडी आणि दुष्काळ सोसणारे वाण तयार करणे हा त्यांचा ध्यास होता. पण प्रयोगशाळेत ते रमून बसले नाहीत. शेतकरी संघटनांना हाताशी धरून त्यांनी मुक्त शेतकी शाळा उघडल्या. एका शाळेला त्या क्रांतीतला शेतकरी नेता एमिलियानो झापाता याचे नाव होते. जमीन वाटून मिळाली, आता तिच्यात काय आणि कसे पेरायचे हे निरक्षर कुणब्याला त्याच्या शेतावर जाऊन शिकवायचे, असा तो खटाटोप. टीना मोदोत्ती यांनी या कामाची छायाचित्रे टिपली. डिएगो रिव्हेरा यांच्या मेक्सिको शहरातल्या एका भित्तिचित्रात निरनिराळ्या वर्णांची माणसे, मुलेबाळे एका मेजाभोवती बसली आहेत आणि मध्यभागी एक गंभीर माणूस भाकर मोडून वाटतो आहे. तो चेहरा खानखोजे यांचा. ज्याने बंदूक चालवली, त्याच्या हातात त्या चित्रकाराने भाकर दिली. रिव्हेरा यांना हे आयुष्य आपल्यापेक्षा अधिक नीट समजले होते, असे मला वाटते.

त्याच सुमारास कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, मूळचे तमिळ मुलुखातले जे. सी. कुमारप्पा वर्ध्याला आले आणि मगनवाडीत ग्रामोद्योग संघ चालवू लागले. जगाच्या दोन टोकांना दोघे एकाच प्रश्नाशी झटत होते: शिकलेल्या माणसाच्या विद्येचा खेड्याला उपयोग काय? कुमारप्पांना वर्ध्याने आपले म्हटले. वर्ध्याच्या मुलाला मात्र स्वातंत्र्यानंतरही देशात येताना जुन्या काळ्या यादीतले नाव आडवे आले. १९४९ मध्ये ते भेटीसाठी येऊन गेले, १९५५ मध्ये कायमचे परतले आणि नागपुरात राहिले. त्यांच्या शेतकी ज्ञानाचा आपण फारसा उपयोग करून घेतला नाही. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले. गव्हाचे संशोधक नॉर्मन बोरलॉग यांच्या ज्या कामातून ते वाण निघाले, त्यातले काही प्रयोग चापिंगोच्या शेतांवरही झाले होते. त्या हरितक्रांतीचे श्रेय खानखोजे यांना द्यावे असे मी म्हणत नाही. पण त्या देशाची माती, तिथले पीक आणि तिथला शेतकरी ओळखणारा एक म्हातारा मराठी माणूस तेव्हा नागपुरात होता. १९६७ च्या जानेवारीत तो गेला.

देवळी, हिंगणघाट, समुद्रपूरकडच्या कोरडवाहू शेतात आज पऱ्हाटी आणि सोयाबीन उभे असते. पाऊस ओढ देतो, बोंडअळी येते, बियाणे दरवर्षी दुकानातून विकत घ्यावे लागते. कमी पाण्यावरचे वाण आणि शेतकऱ्यासाठी धुऱ्यावर भरणारी शाळा ही खानखोजे यांची दोन कामे या जिल्ह्याला आजही लागू आहेत. म्हणून त्यांची जयंती केवळ क्रांतिकारकाची म्हणून साजरी करणे मला अपुरे वाटते. चापिंगोत त्यांचा पुतळा २०२२ मध्ये उभा राहिला, चांगलेच झाले. वीणा गवाणकरांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले आणि त्यांची कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत, म्हणून आपल्याला एवढे तरी ठाऊक आहे. पण त्यांचे शेतकी लेखन स्पॅनिशमध्ये आहे. वर्ध्यात भाषांतराचे शिक्षण देणारे विद्यापीठ आहे, अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे. या दोघांनी मिळून ते मराठीत आणावे आणि विदर्भातल्या कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावे.