तोकडे साधन, पुरते माप

ज्याच्यापाशी साधने थोडी आहेत, त्याच्या कामाची पारख कोणत्या मापाने करावी? हा प्रश्न घरात, शाळेत व मंडळीत आपल्यापुढे वारंवार येतो, आणि आपण बहुधा दोहोंपैकी एक उत्तर देऊन मोकळे होतो. कोणी म्हणतो, "ह्यांच्याकडून काय होणार?" आणि काम न पाहताच ते टाकाऊ ठरवितो. दुसरा म्हणतो, "बिचाऱ्यांनी एवढे केले हेच पुष्कळ," आणि तोही काम न पाहताच वाखाणणी करितो. ही दोन्ही उत्तरे तपासून पाहण्यासाठी आपण एक उदाहरण घेऊ. ते आपल्या नेहमीच्या विषयांतले नाही. मोटारींच्या शर्यतींतले आहे.

फॉर्म्युला वन ही जगातील सर्वांत खर्चिक शर्यत. येथे प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः आखतो. २००९ साली नियामक संस्थेने असा प्रस्ताव मांडला की, जो संघ वर्षाचा खर्च ४ कोटी पौंडांच्या आत ठेवील त्याला नियमांत काही सवलती द्याव्यात. ह्याच सुमारास काही नव्या संघांना प्रवेश मिळाला. पुढे मोठ्या संघांनी विरोध केला व ती मर्यादा बारगळली. परंतु नवे संघ मैदानात उतरले होते. त्यांपैकी एक व्हर्जिन रेसिंग.

अशा गाड्यांचा आकार ठरविण्यासाठी विंड टनेल, म्हणजे वाऱ्याचा बोगदा, वापरतात. गाडीची लहान प्रतिकृती त्यात ठेवून तिच्यावर जोराचा वारा सोडतात व कोठे किती दाब पडतो हे मोजतात. हे काम फार महाग. व्हर्जिनचे रचनाकार निक वर्थ ह्यांनी ते वगळले, आणि वारा गाडीवरून कसा वाहील ह्याचे गणित केवळ संगणकावर करून २०१० सालची गाडी आखली. ही हकिकत ऐकून दावीद व गल्याथ आठवावेत हे साहजिक आहे. पण दाविदाची गोफण साधी होती एवढ्यावरून ती गोष्ट सांगितली जात नाही. गोटा नेमका लागला म्हणून सांगितली जाते.

हंगामापूर्वी ह्या गाडीविषयी मते देणाऱ्यांचे लक्ष साहजिकच तिच्या बाह्य आकाराकडे होते. फेब्रुवारीत चाचणीच्या वेळी तिचा पुढचा पंखा निखळला, तेव्हा नावे ठेवणाऱ्यांना आयतेच निमित्त मिळाले. परंतु खरा दोष आत दडलेला होता. त्या वर्षापासून शर्यतीच्या मध्ये पुन्हा इंधन भरण्यास मनाई झाली होती. सुमारे ३०० किलोमीटरांचे इंधन आरंभीच बरोबर घ्यावे लागे. आणि व्हर्जिनची टाकी तेवढ्यास पुरेल इतकी मोठी नव्हती! टाकी किती मोठी हवी हे काही वाऱ्याचा बोगदा सांगत नाही. म्हणजे ज्या काटकसरीवर सगळी चर्चा चालली होती, तिच्यात हा दोष नव्हताच. निंदकांना तो दिसला नाही, आणि कौतुक करणाऱ्यांनाही नाही.

ह्यानंतर नियामकांनी जे केले ते विचार करण्याजोगे आहे. एकदा मंजूर झालेला गाडीचा मुख्य सांगाडा हंगामात बदलता येत नसे. तरी त्यांनी तो बदलण्याची परवानगी दिली, आणि मे महिन्यात स्पेनच्या शर्यतीत मोठ्या टाकीची पहिली गाडी धावली. त्यांनी टाकी मोठी करू दिली. ह्या संघासाठी शर्यत मात्र लहान केली नाही. करुणा व न्याय ह्यांची सांगड कशी घालावी, ह्याचे ह्याहून सुबोध उदाहरण आम्हांला सुचत नाही.

वर्षअखेर व्हर्जिनचा क्रमांक बारांत बारावा लागला. हिस्पानिया हा दुसरा नवा संघ तर एकही चाचणी न करता पहिल्या शर्यतीस आला होता. त्याचे एक चालक आपले चेन्नईचे करुण चांधोक. त्यांची गाडी पहिल्यांदा चालली तीच मुळी पात्रता फेरीत. तो संघ अकरावा आला. गुण दोघांचेही शून्य. २०११ च्या मध्यास व्हर्जिनने वर्थ ह्यांच्याशी संबंध संपविला व केवळ संगणकाची पद्धतही सोडली. तर मग निंदक खरे ठरले काय? आम्हांस तसे वाटत नाही. न पाहता केलेले भाकीत खरे निघाले, तरी त्याला पारख म्हणता येत नाही.

पुढे हाच संघ मारुशिया ह्या नावाने ओळखला जाऊ लागला. २०१२ च्या हंगामापूर्वी त्याची नवी गाडी धडक-चाचणीत नापास झाली. ती उत्तीर्ण होईपर्यंत गाडी सरावालाही उतरविता येणार नाही, असा नियम होता. सरावाची संधी हुकली. संघ गरीब म्हणून कोणी सूट दिली नाही, आणि ते योग्यच झाले. धडक बसते तेव्हा चालकाच्या अंगावर येणारा आघात संघाची जमाखर्चाची वही पाहून कमी होत नाही. जेथे दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे, तेथे आपली दया त्याच्या जिवावर उदार होते.

ह्याच संघाची आणखी एक गोष्ट. २०१४ साली मोनॅकोच्या शर्यतीत ज्यूल्स बियांकी ह्या तरुणाने मारुशियाची गाडी आठव्या क्रमांकाने आणली. त्याच्यावर ५ सेकंदांचा दंड होता. तो लागू झाला व तो नववा ठरला. (त्याच वर्षी जपानमध्ये झालेल्या अपघातातील दुखापतींमुळे २०१५ मध्ये त्याचे निधन झाले.) नवव्यास २ गुण मिळतात, त्यालाही २ च मिळाले. संघाचे ते पहिले गुण. त्या दिवशी कोणी कळवळून दंड माफ केला असता, तर त्या गुणांचे मोल राहिले असते काय? ज्या मापाने कमी भरण्याची शक्यता असते, त्याच मापाने पुरे भरल्याचा मान मिळतो.

कोणी विचारील, साधने विषम असता माप एकच लावणे हा अन्याय नव्हे काय? शंका रास्त आहे. परंतु विषमता दूर करावयाची ती साधनांतली. मापाला हात लावून ती जात नाही, केवळ झाकली जाते. सर्व संघांवर खर्चाची मर्यादा अखेर २०२१ साली आली, ती १४ कोटी ५० लाख डॉलरांची. हा उपाय बारा वर्षे उशिरा आला खरा, पण तो योग्य जागी झाला.

आपल्यातील शिक्षकांना हे अधिक सांगावयास नको. ज्या मुलाच्या घरी दिवा नाही त्याला दिवा द्यावा, पुस्तक द्यावे, शिकवणीला आणखी एक तास द्यावा. पण त्याचे चुकलेले गणित बरोबर म्हणून देऊ नये. तसे करणारा मनात म्हणत असतो, "ह्याला एवढेच येणार." म्हणजे जी तुच्छता निंदक उघड बोलून दाखवितो, तीच येथे गोड शब्दांत लपलेली असते. मुलाची वही हाती घ्यावी, शेवटपर्यंत वाचावी, आणि जे आहे ते त्याला सांगावे. इतका मान त्याला आपल्याकडून मिळालाच पाहिजे.