उताराचे ऋण

सिकंदराबादहून रात्रीच्या गाडीने नांदेड-परभणीकडे जाणारी आपली मंडळी प्रवासातील एका मोठ्या बदलास मुकतात, कारण तो झोपेत घडतो. दिवसाच्या गाडीने गेल्यास मात्र तो डोळ्यांत भरतो. निजामाबादपर्यंत एकावर एक रचून ठेवल्यासारख्या गोल शिळा, त्यांच्या कुशीत तलाव आणि तलावाखाली भातखाचरे दिसतात. गोदावरी ओलांडून बासर, धर्माबाद मागे पडले की शिळा विरळ होत जातात, माती काळी होते आणि ज्वारी-कापसाची शिवारे सुरू होतात. डब्यातील बोलणेही एव्हाना तेलुगूतून मराठीत आलेले असते.

निजामी राज्याच्या जुन्या इंग्रजी गॅझेटियरनेही ही विभागणी नोंदविली होती. वायव्येस बेसॉल्टचा मराठी मुलूख आणि पूर्वेस ग्रॅनाइटचा तेलंगण, असे तिचे स्थूल रूप. ती रेघ काटेकोर नाही. देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट महाराष्ट्रात डोकावतो आणि तेथे भाषाही एकमेकींत मिसळतात. तरीही खडकाची सीमा आणि भाषेची सीमा इतक्या जवळून चालाव्यात, हे पाहून मन थबकते. भूमीच माणसाला घडवीत असेल, तर माणसाच्या बऱ्यावाईटाचा जाब कोणाला विचारावयाचा?

भूमी घडविते, यात शंका नाही. मराठवाड्याचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याची माती ओल धरून ठेवते, म्हणून पाऊस सरल्यावरही रब्बीची ज्वारी उभी राहते. पाणी खडकाच्या सांधीभेगांत असते, म्हणून तेथे आड, विहीर, बारव. हैदराबादचा ग्रॅनाइट याहून कितीतरी जुना, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. त्यावर माती थोडी. पाऊस पडतो आणि वाहून जातो. परंतु दोन टेकड्यांमधील खिंडीत बांध घातला की तेच पाणी थांबते. तेराव्या शतकातील काकतीयकालीन पाखाल आणि रामप्पा हे तलाव असेच उभे राहिले. विहीर एका घरची असू शकते. तलाव एकट्याचा असू शकत नाही. त्याचा बांध सर्वांनी राखावयाचा आणि त्याचे पाणी नीरटीने पाळीपाळीने वाटावयाचे. खडक निराळा, म्हणून सहजीवनाची रीतही निराळी.

मॉन्तेस्क्यूने १७४८ साली कायद्यांवरील आपल्या ग्रंथात हवामान आणि भूमी यांचा राष्ट्रांच्या स्वभावाशी संबंध जोडला, तेव्हापासून हा विचार विद्वानांना मोह घालीत आला आहे. आम्हांस मात्र तो अर्धाच पटतो. खिंड होती म्हणून तलाव झाला, हे खरे. पण खिंडीने स्वतः बांध घातला नाही. आणि जो खडक काकतीयांच्या पायाखाली होता तोच आज आमच्याही पायाखाली आहे. त्यांनी तलाव बांधले. आम्ही ते बुजविले. भूमी तीच असता वर्तन पालटते, म्हणजे भूमी केवळ प्रश्न घालते. उत्तर आपले असते.

हा प्रश्न आमच्या दारातही येऊन गेला. आमचे आजोबा परभणीकडून येथे आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पण अनेक घरांप्रमाणे आमचे घर येथेच राहिले. मारेडपल्लीच्या चढावर, शिळा फोडून केलेल्या जागी ते आहे. पावसाळ्यात अंगणात पाणी साचे, म्हणून आम्ही अंगणात भर घालून फरशी केली आणि मागच्या भिंतीस मोठे छिद्र ठेवले. पाणी क्षणात दिसेनासे होऊ लागले. कोठे गेले, हे विचारण्याचे आम्हांस कारण पडले नाही.

२४ ऑगस्ट २००० रोजी शहरात एका दिवसात सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस झाला. आमचे घर कोरडे राहिले. दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाचे शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, उंबऱ्याशी भिजलेली गादी पिळीत बसलेले दिसले. आम्ही ओशाळून काही बोलू लागलो, तो तेच म्हणाले, "पानी को क्या बोलना साब, वो तो नीचेइच आता."

त्यांनी उताराला दोष देऊन आम्हांस मोकळे केले. ते त्यांचे सौजन्य. परंतु पाणी खाली येते हा भूमीचा नियम असला, तरी ते एका झोतात त्यांच्याच दारी यावे ही व्यवस्था आमची होती. भिंतीतील छिद्र भूगोलाने पाडले नव्हते.

या शहराचा इतिहासही हेच सांगतो. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला आणि सुमारे १५,००० माणसे दगावली, असे मानले जाते. अफझलगंजच्या चिंचेच्या झाडाने अनेकांना तारले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. त्यामानाने कमी बोलली जाते ती गोष्ट अशी, की त्या वेळी नदीच्या वरच्या खोऱ्यातील दोनशेहून अधिक तलाव फुटले होते. पुढील वर्षी पाचारण केलेल्या विश्वेश्वरय्यांनी उपाय सुचविला तोही शहराच्या वरच्या अंगास. त्यातून १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाले. खालच्यांचे रक्षण वरच्यांनी करावयाचे असते, हे तत्त्व त्या दोन बांधांत दगडचुन्याने लिहिले गेले. त्याच तलावांच्या रक्षणासाठी १९९६ साली शासन आदेश क्रमांक १११ निघाला आणि १० किलोमीटर परिघातील बांधकामांवर निर्बंध आले. २०२२ साली ते निर्बंध उठविणारा आदेश निघाला. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत शहराच्या दक्षिणेकडील तलावांचे बांध फुटल्यास तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती.

शासकीय सेवेत आमच्या टेबलावरून जमिनीची पुष्कळ कागदपत्रे गेली. त्यांत 'शिकम तालाब' असा शब्द वारंवार येई. शिकम म्हणजे फारसीत पोट. तलावाची बुडीत जमीन म्हणजे तलावाचे पोट, हे जाणणारे कारकून ज्या काळी होते, त्या काळी त्या जमिनीकडे मोकळी जागा म्हणून पाहणे कठीण गेले असेल. उन्हाळ्यात पोट रिकामे दिसते म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. आम्ही तो शब्द वर्षानुवर्षे वाचला. त्याचा अर्थ निवृत्तीनंतर कोशात पाहिला. अर्थ ठाऊक असता तर आमची सही कोठे अडली असती काय, हे आज छातीठोकपणे सांगवत नाही.

नीतीच्या ग्रंथांत शेजारधर्माची चर्चा बहुधा समपातळीवरील दोन माणसांची असते. प्रत्यक्ष भूमी सपाट नाही. तिच्यावर कोणी वर असतो, कोणी खाली. वरच्याला खालच्याचे काही सोसावे लागत नाही. खालच्याला मात्र वरच्याचे सारे सोसावे लागते. अशा ठिकाणी परस्परांच्या लाभहानीचा हिशेब जुळत नाही, म्हणून केवळ व्यवहाराने न्याय होत नाही. उंची हे भाग्याने मिळालेले स्थान आहे आणि त्याचे ऋण खालच्या दिशेने फेडावयाचे असते. हे पाण्याला लागू आहे तसे अधिकार, शिक्षण आणि जुन्या घराण्यांच्या प्रतिष्ठेलाही लागू आहे, असे आम्हांस वाटते.

मागील भिंतीचे छिद्र आम्ही बुजविले. अर्धी फरशी उखडून तेथे शोषखड्डा केला. खाली शीळ लागल्याने तो फार खोल गेला नाही, आणि मोठ्या पावसात अंगणात दोन दिवस पाणी उभे राहते. घरच्यांची कुरकुर असते. ते शेजारी आता हयात नाहीत. त्यांचे चिरंजीव तेथे राहतात. पहिल्या जोराच्या पावसानंतर आम्ही भिंतीवरून डोकावून त्यांचे अंगण पाहतो. ते पाहण्यास वीस वर्षे उशीर झाला, एवढीच खंत आहे.