मोनोचं बटण दाबल्यावर

मिक्स तयार झाला की फाइल लगेच पाठवू नका. पाणी प्या. खुर्चीत टेकून बसा आणि आवाज नेहमीपेक्षा कमी करा, शेजारी कोणी बोललं तर ऐकू येईल इतका. पडद्याकडे बघू नका. समोर एक अभंग आहे असं धरू: मधोमध गायक, दोन बाजूंना दोन तानपुरे, रुंद पसरलेला पखवाज, टाळ, मागे कोरस.

आधी तो स्टिरिओतच ऐका, एका वेळी एकच गोष्ट. तानपुऱ्याची जवारी कुठून येते आहे? टाळांचा नाद कुठे विरतो? पखवाजाचा घुमारा किती भरीव आहे? मनात ठेवा.

आता मास्टरवरचं मोनोचं बटण दाबा. डावं-उजवं एक झालं. जमलं तर एकच स्पीकर चालू ठेवा, दोन स्पीकरांतून येणारा मोनो खोलीत आपापसात मिसळून कानाला फसवतो. फेडरला हात लावायचा नाही. कोण मागे राहिलं आणि कोण निघून गेलं, एवढंच ऐका.

बाजूची वाद्यं गायकाच्या मानाने साधारण 3 डेसिबलने खाली जातील, रिव्हर्बही आटेल. ते होणारच, त्याने बेचैन होऊ नका. एखादं वाद्य पोकळ झालं किंवा दिसेनासं झालं, तर मात्र तिथून हलायचं नाही.

पखवाजापाशी निवांत थांबा. त्याच्या दोन तोंडांना दोन माइक लावलेले असतात. कणीक लावलेल्या डाव्या पुडीवर थाप पडली की ती आत जाते, आतली हवा दाबली जाते आणि उजवी पुडी बाहेर ढकलली जाते. डावी पुडी तिच्या माइकपासून दूर जाते, उजवी तिच्या माइकच्या जवळ येते. त्यामुळे तोच खर्ज दोन माइकांत बराचसा उलटा नोंदला जातो. स्टिरिओत तो ऐसपैस वाटतो, आवडतोही. मोनोत दोन्ही बाजू एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरतो तो नुसता बोटांचा टकटकाट. एका चॅनेलची पोलॅरिटी उलटी करा आणि पुन्हा ऐका. घुमारा परतला? मग दोष तिथेच होता. ईक्यूने खर्ज वाढवून हे काम झालं नसतं, कारण बेरजेत जे विरून गेलं ते वाढवायला शिल्लकच नसतं.

मग कोरस. एकाच आवाजाची प्रत 1 मिलिसेकंद उशिरा दुसऱ्या बाजूला टाकली असेल, तर मोनोत 500, 1500, 2500 हर्ट्झ अशा ठिकाणी खड्डे पडतात आणि शब्द नळीतून आल्यासारखे लागतात. तेवढ्या वेळात ध्वनी जेमतेम 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे माइक वीतभर इकडेतिकडे झाला तरी फरक पडतो. माझं ठाम मत आहे की रुंदी हवी असेल तर मंडळींना तीच ओळ पुन्हा गायला लावावी. दोनदा गायलेलं कधीच तंतोतंत जुळत नाही, आणि म्हणूनच ते असं खोडलं जात नाही.

ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने 1931 मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात दोन माइक एकाच जागी, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून ठेवण्याची रीत होती. जागा एक, म्हणून दोन्हींत ध्वनी एकाच वेळी पोचतो आणि बेरीज स्वच्छ होते. तानपुऱ्यासाठी ती आजही वापरून बघा.

हे सगळं कोणासाठी? स्वयंपाकघरातल्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरसाठी, ओट्यावर टेकवलेल्या फोनसाठी, देवळावरच्या कर्ण्यासाठी. तिथे ऐकणाऱ्यालाही पखवाज पूर्ण मिळाला पाहिजे. दुरुस्ती झाली की पुन्हा स्टिरिओत ऐका, रुंदी शाबूत आहे ना ते पाहा.

आणि शेवटची फाइल काढण्याआधी ते बटण आठवणीने सोडा. मास्टरवर मोनो चालू राहिला तर अख्खी फाइलच मोनो निघते.