उठता-बसता

खुर्चीत बसा. पाठ टेकू द्या, पावलं जमिनीवर सपाट ठेवा. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवा आणि थोडा वेळ तसेच राहू द्या. घाई नाही.

आता एक पाय सावकाश सरळ करा, तसाच सावकाश परत घ्या. तळव्याखाली वाटी सरकलेली कळेल, कदाचित करकरेलही. दुखत नसेल, तर नुसत्या आवाजाने घाबरू नका. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात रक्तवाहिन्या नाहीत. दाब पडतो, सुटतो, आणि त्या उघडझापीत सांध्यातला द्रव आत-बाहेर होतो. कूर्चेचं पोषण त्यावरच. हलणाऱ्या सांध्यालाच अन्न मिळतं. एवढं मनात मुरू द्या.

मग दहा वर्षं मागे जा. साताऱ्याचे असाल तर अजिंक्यताऱ्याचा चढ आठवा, सांगलीचे असाल तर कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या. सकाळी अंथरुणातून उठताना कशाचा आधार घ्यावा लागायचा का? लग्नाच्या पंगतीत शेवटचा भात येईपर्यंत मांडी टिकायची का? सज्जनगड चढून गेलात, दर्शन घेतलंत. उतरताना कठड्याकडे हात गेला होता का?

थांबा इथे. आता विचारा, यातलं काय सुटलं, आणि कधी?

दिवस सांगता येणार नाही. दुखणं लक्षात राहतं, सोडून दिलेली गोष्ट राहत नाही. विळी माळ्यावर गेली, ओट्यावर सुरी आली. देवपूजा स्टुलावर बसून होऊ लागली. लोणंदहून तरडगावच्या वाटेवर, चांदोबाच्या लिंबाला माउलींचं उभं रिंगण होतं. तिथे वर्षानुवर्षं चालत जाणारी बाई एका आषाढात ते टीव्हीवर बघते. ‘तुम्ही जाऊन या, मी गाडीत बसते,’ असं म्हणणारं माणूस तर प्रत्येक घरात आहे. घरच्यांना काही कळत नाही, कारण अशा माणसाने सगळं आधीच जमवून घेतलेलं असतं. म्हणून मला वाटतं, सांध्याची झीज किती झाली हे एक्स-रेपेक्षा सुटलेल्या कामांची यादी जास्त खरं सांगते. फिल्मवर सांधा पार घासलेला दिसतो आणि माणूस रानात राबत असतो, उलटही घडतं.

आता जमिनीवरून उठणारी अशी एक बाई डोळ्यांसमोर आणा. आधी ती एका कुशीवर कलते. उजवा तळवा फरशीवर रोवते, डावा हात कपाटाची कड शोधतो. एक गुडघा वळतो, मध्येच अडतो. ती ओठ मिटून घेते. पार्श्वभाग आधी वर येतो, मग पाठ. उभी राहिल्यावरही ती लगेच चालत नाही. पहिली चार पावलं आखडलेली पडतात, मग पाय मोकळा होतो. या चार पावलांत तिने काय काय सोसलं, ते सावकाश बघा.

खुब्याचं दुखणं वेगळं असतं. ते जांघेत उमटतं, कधी फसवून गुडघ्यातच जाणवतं. चपलेचा पट्टा लावताना, पायाची नखं कापताना ते कळतं. तुमच्या आईची नखं हल्ली कोण कापतं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २०१९ साली जगात ५२.८ कोटी लोकांना सांध्यांची ही झीज होती, त्यांत सुमारे ६० टक्के बायका. आकडा ऐकून सोडून देऊ नका. खुरपायला उकिडव्या बसणाऱ्या, उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहणाऱ्या बायका त्यात धरा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जन्मभर जमिनीवर बसून काम करणारे कारागीरही. आणि २०१९ च्याच ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी दारात आलं, तेव्हा जिना चढू न शकणारी म्हातारी माणसंही.

पुन्हा गुडघ्यांवरच्या तळव्यांकडे या. हे दुखणं दरवर्षी खालीच नेतं असं नाही. कित्येकांचं वर्षानुवर्षं आहे तिथेच राहतं, चढतं, उतरतं. एक किलो वजन उतरलं, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. मांडीचे स्नायू बळकट झाले की दुखणं कमी होतं. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. आणि शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर ती हार नव्हे. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी उभारलेल्या मिरजेच्या दवाखान्यापासून या भागाला लांबून येणाऱ्या रुग्णांची सवय आहे. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवरही २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. ‘वय झालं, चालायचंच’ हे वाक्य मात्र मला मान्य नाही. त्या वाक्याने माणसं खुर्चीला खिळतात, आणि बसून राहिलेला सांधा अधिकच आखडतो.

तळवे अजून गुडघ्यांवर असतील. सुटलेल्या गोष्टींपैकी पुरती न सुटलेली एक निवडा: घाटाच्या चार पायऱ्या, कोपऱ्यापर्यंतची भाजी, नातवाबरोबरची एक फेरी. ती आज घरात कुणाला तरी मोठ्याने सांगा. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा नुसतं ‘गुडघे दुखतात’ म्हणू नका. काय काय करायचं सोडलंय, ते सांगा.